विमान आणि वावडी

१/
मराठीत ‘वावडी’ म्हणजे मोठा पतंग आणि ‘वावडी’ म्हणजे अफवाही. दोन्ही वाऱ्यावर चढतात, दोन्हींना इंजिन लागत नाही. मुंबई आणि विमानविद्या यांच्या नात्याविषयी समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरणारी गोष्ट दुसऱ्या जातीची आहे. हा धागा त्या गोष्टीविषयी थोडे बोलतो. जी गोष्ट खरी असून क्वचितच सांगितली जाते, तिच्याविषयी अधिक.

२/
वऱ्हाडात हा विषय आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. तिथेच वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने जाहीर केले आणि तिच्यासाठी ३४ प्रशिक्षण विमाने मागवली. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी तर १९४३ ची. तिचा विस्तार कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या प्रश्नापाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. ज्या प्रदेशातली मुले उद्या विमानाच्या सुकाणूवर हात ठेवणार, त्यांच्या हाती विमानाचा कोणता इतिहास द्यावा?

३/
आधी वावडी. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे वैमानिकविरहित विमान १,५०० फूट उंच उडवले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड यांनी ते पाहिले. मग इंग्रजांनी सारे दडपले. २०१५ मध्ये या कथेवर हिंदी चित्रपटही निघाला. एवढा मोठा प्रसंग, एवढे नामवंत साक्षीदार, आणि तरीही त्या दिवसाचा म्हणून दाखवता येईल असा एकही समकालीन वृत्तान्त, आराखडा वा छायाचित्र पुढे आलेले नाही.

४/
या कथेला आधार म्हणून ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी श्रद्धेवर टीका केली नाही. वजन, भूमिती आणि हवेचा दाब यांचे गणित मांडले, इतकेच.

५/
याचा अर्थ तळपदे खोटे होते असा नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंधित असलेला, आकाशाचे वेड घेतलेला तो खराखुरा माणूस होता. १९१६ साली त्यांचे निधन झाले. दंतकथेने सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावरच केला आहे. त्यांनी नेमके काय केले, कोणत्या प्रयोगात ते फसले, किती पैसा घातला, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. चमत्कार एकदा हाती लागला की माणसाचा शोध थांबतो.

६/
आता खरी गोष्ट. मुंबईचा एक तरुण खरोखर आकाशात गेला, लढाऊ विमानातून गेला आणि परतला नाही. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे त्याचे नाव. त्यांचे विमान होते इंग्लंडच्या सॉपविथ कंपनीचे ‘डॉल्फिन’. ते कसे घडले हे कळल्याशिवाय वेलिणकर कशावर स्वार झाले होते हे कळत नाही. म्हणून आधी कारखान्यात जाणे भाग आहे.

७/
थॉमस सॉपविथ यांनी १९१२ मध्ये लंडनजवळच्या किंग्स्टन येथे कंपनी थाटली. कारखान्याची जागा म्हणजे चाकांच्या बुटांवर घसरण्याचा खेळ चालत असे, ती जुनी इमारत. सपाट, मोठी, अखंड फरशी ही तिची खरी किंमत. सोबत फ्रेड सिग्रिस्ट नावाचा कारागीर आणि हॅरी हॉकर नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण. सुरुवातीच्या काळात तिथे विमानाचा आराखडा फरशीवर खडूने, प्रत्यक्ष आकारात काढला जाई आणि त्यावरूनच लाकूड कापले जाई.

८/
त्या काळचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, पोलादी तारांचा ताण आणि वरून ताणलेले लिननचे कापड. लिननचा धागा जवसाच्या जातीच्या रोपाच्या खोडातून निघतो. वऱ्हाडात जवस म्हटले की चटणी आठवते. तिकडे त्याच कुळातल्या रोपाने पंख विणले. कापडावर सेल्युलोजचे द्रावण फासले की ते वाळताना आक्रसून ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ होई. गोळीपुढे या अंगाचा पाड लागणे शक्य नव्हते. आगीपुढे तर नाहीच.

९/
कंपनीचे पहिले नावाजलेले विमान म्हणजे १९१३ चे ‘टॅब्लॉइड’. छोटे, आटोपशीर, दोन पंखांचे. वेगासाठी एकच पंख हवा, असा तेव्हा अनेकांचा समज होता. एप्रिल १९१४ मध्ये मोनॅको येथे हॉवर्ड पिक्स्टन यांनी याच विमानाला तरंगते पाय जोडून श्नायडर चषक जिंकला. सरासरी वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका टॅब्लॉइडने ड्युसेलडॉर्फला जाऊन जर्मन झेपेलिन जाळले. शर्यतीचे विमान सहा महिन्यांत शस्त्र झाले.

१०/
१९१६ चे ‘पप’ हे वैमानिकांचे लाडके. फक्त ८० अश्वशक्तीचे इंजिन, पण पंखांवर भार इतका कमी की उंचीवरही ते सहज वळे. ऑगस्ट १९१७ मध्ये एडविन डनिंग यांनी चालत्या युद्धनौकेवर पप उतरवले. समुद्रात चालत्या जहाजावर विमान उतरण्याचा तो पहिला प्रसंग. पाचच दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा करताना ते बुडून गेले. नव्या तंत्राच्या पहिल्या ओळीतच मृत्यूची नोंद असणे हे त्या वर्षांत नवे नव्हते.

११/
मग आले ‘ट्रायप्लेन’. अरुंद असे तीन पंख एकावर एक. पंख अरुंद असल्याने वैमानिकाला दिसे अधिक, आणि विमान चढे झपाट्याने. जर्मनांना ते इतके खुपले की त्यांच्याकडेही तीन पंखांच्या विमानांची लाट आली. रिश्तहोफेनचे प्रसिद्ध तांबडे फोकर त्याच लाटेतले. पण सॉपविथच्या या विमानात बंदूक बहुधा एकच होती, आणि इंधनाच्या टाकीपर्यंत हात पोहोचवायचा तर सांगाडा सोडवावा लागे. सुमारे दीडशेच विमाने बांधली गेली. युद्धात दुरुस्तीची सोय हेही एक शस्त्र असते.

१२/
१९१७ चे ‘कॅमल’ हे सॉपविथचे सर्वांत विख्यात अपत्य. दोन मशीनगनांवर धातूचे झाकण, ते उंटाच्या मदारीसारखे दिसे म्हणून हे नाव. इंजिन, बंदुका, वैमानिक आणि इंधन हे सारे वजन पुढच्या दोन-अडीच मीटरांत कोंबलेले. इंजिन रोटरी, म्हणजे आतला दांडा स्थिर आणि सिलिंडरांचा सगळा गोळा प्रोपेलरसह गरगर फिरणारा. भोवऱ्याला हाताने कलंडवू पाहिले की तो भलत्याच बाजूला ओढ घेतो. कॅमलचे तेच होते.

१३/
परिणाम असा की कॅमल उजवीकडे विजेसारखे वळे आणि डावीकडे वळताना अडून बसे. मुरलेल्या वैमानिकाच्या हाती हे वरदान होते. शत्रूला त्याचा अंदाजच येत नसे. नवशिक्याच्या हाती तेच विमान उड्डाण होताच गिरकी घेऊन जमिनीवर आदळे. कॅमलच्या नावावर १,२९४ हवाई विजय आहेत. त्याच कॅमलवर लढाईत ४१३ वैमानिक गेले आणि लढाईखेरीज अन्य कारणांनी ३८५. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्याचा अभिमान बाळगू नये.

१४/
विमानाचे गुण हे त्याच्या दोषांपासून वेगळे काढता येत नाहीत. कॅमलची चपळाई आणि कॅमलची जीवघेणी ओढ एकाच रचनेतून आली होती. आराखडा करणाऱ्याने काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेले असते, आणि सोडलेल्याची किंमत कारखान्यात न बसणारा कोणीतरी भरतो. वावडीत मात्र सगळे गुणच गुण असतात. तिथे इंजिन तापत नाही, पंख मोडत नाही, कोणी मरत नाही. हीच तिची ओळख.

१५/
मे १९१७ मध्ये सॉपविथच्या ‘डॉल्फिन’ने पहिले उड्डाण केले. प्रमुख रचनाकार हर्बर्ट स्मिथ यांनी कॅमलच्या नेमक्या उलट वाट धरली. फिरत्या इंजिनाऐवजी पाण्याने थंड होणारे, जागेवर स्थिर असलेले २०० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा इंजिन. पंखांची मांडणीही उफराटी. एरवी वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असे. इथे खालचा पुढे आणि वरचा मागे.

१६/
या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच होता, वैमानिकाला दिसावे. द्विपंखी विमानात वरचा पंख डोळ्यांवर झापडासारखा येई, आणि शत्रू बहुधा वरूनच येई. स्मिथ यांनी वरच्या पंखाच्या मध्यभागी कापड न लावता उघडी चौकट ठेवली आणि वैमानिकाला एवढे उंच बसवले की त्याचे डोके त्या चौकटीतून बाहेर निघे. पुढे, वर, दोन्ही बाजूंना मोकळे आकाश. २०,००० फुटांच्या आसपासच्या विरळ हवेतही डॉल्फिन दमत नसे.

१७/
आता सोडलेल्याचा हिशेब. मऊ जमिनीवर उतरताना नाक रुतून विमान उलटले, तर सर्वांत आधी जमिनीला लागणार ते वैमानिकाचे डोके. सुरुवातीला कित्येकांनी डॉल्फिनचा धसका घेतला तो यामुळेच. काही विमानांवर नंतर संरक्षक कड्या बसवण्यात आल्या. दोन स्थिर मशीनगनांखेरीज वर रोखलेल्या आणखी दोन बंदुका होत्या. त्या हेलकावून वैमानिकाच्या तोंडावर आदळत, म्हणून अनेक जण त्या काढून टाकत. इंजिनाच्या दंतचक्रांत बिघाडही वारंवार होई. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिले जात नव्हते.

१८/
फ्रान्समधल्या ब्रिटिश आघाडीवर डॉल्फिन वापरणारी पथके चारच होती: १९, ७९, ८७ आणि २३ क्रमांकाची. यांपैकी २३ क्रमांकाच्या पथकात लेफ्टनंट वेलिणकर होते. २७ जून १९१८ रोजी ते डॉल्फिन घेऊन गस्तीवर निघाले आणि परतले नाहीत. जर्मनांच्या ताब्यात, जखमी अवस्थेत, जूनच्या अखेरीस त्यांचा मृत्यू झाला. वय विशीचेच होते.

१९/
पुढचा भाग अधिक कडवट. जर्मन नोंदीत त्यांचे आडनाव वेडेवाकडे लिहिले गेले. परक्या लिपीच्या, परक्या उच्चारांच्या हातून हे घडणे नवलाचे नाही. पण त्यामुळे मुंबईतल्या घरच्यांना मुलगा कुठे पुरला आहे हे युद्ध संपल्यावरही काही काळ कळले नाही. अखेरीस शोध लागला. आज फ्रान्सच्या सोम भागातील हँगार येथील युद्ध दफनभूमीत त्यांची कबर आहे.

२०/
त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलात अधिकारी-वैमानिक म्हणून लढलेले भारतीय म्हणजे मोजके चार: हरदित सिंग मलिक, एरल चंदर सेन, इंद्रलाल रॉय आणि श्रीकृष्ण वेलिणकर. मलिक आणि सेन कॅमलवर होते, वेलिणकर डॉल्फिनवर. म्हणजे चारांपैकी तिघे सॉपविथवर. एकटे रॉय सरकारी कारखान्याच्या एसई-५ए विमानावर होते; जुलै १९१८ मधल्या दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला ते पडले. वेलिणकर आणि रॉय यांच्या मृत्यूंत महिन्याभराचेही अंतर नाही.

२१/
या चौघांना विमानापर्यंत पोहोचणेच अवघड होते. मलिक ऑक्सफर्डचे पदवीधर. तरी त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला. ते फ्रान्समध्ये जखमींची गाडी हाकू लागले, फ्रेंच हवाई दलात शिरण्याची खटपट केली, तेव्हा कुठे त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूंनी शब्द टाकल्यावर ब्रिटिशांचे दार उघडले. ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात शिरलेल्या गोळ्यांचे अवशेष त्यांनी जन्मभर वागवले. सेन त्याच वर्षी सप्टेंबरात पाडले जाऊन युद्धकैदी झाले होते.

२२/
इथे एक रास्त आक्षेप येतो. साम्राज्याच्या युद्धात साम्राज्यासाठी मेलेल्या तरुणाचा अभिमान कशासाठी? आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर त्या काळच्या राजकारणातच आहे. सैन्यातल्या लढाऊ तुकड्यांत भारतीयांना अधिकाऱ्याची सनद १९१७ पर्यंत जवळजवळ मिळतच नव्हती. भारतीय माणूस शिपाई होऊ शकतो, पण हुकूम देऊ शकत नाही, हा राज्यकर्त्यांचा सिद्धान्त होता.

२३/
१९१८ मध्ये लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीला पाठिंबा देताना नेमकी हीच अट घातली: भारतीयांना अधिकारपदे द्या, मग माणसे देऊ. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे निकटचे सहकारी. वऱ्हाडातल्या स्वराज्याच्या राजकारणाचा तोच काळ. तेव्हा एका भारतीयाने एकट्याने लढाऊ विमान चालवणे हे त्या सिद्धान्ताला आकाशात दिलेले उत्तर होते. ते उत्तर देणाऱ्याच्या खांद्यावर बिल्ला इंग्रजांचा होता, हेही तितकेच खरे. इतिहास या दोन्ही गोष्टी एकदम हातात देतो. एक फेकून देण्याची मुभा देत नाही.

२४/
सॉपविथ कंपनीचे काय झाले? युद्धकाळात तिच्या आराखड्यांवरून १६,००० हून अधिक विमाने बांधली गेली. युद्ध संपले, मागणी आटली, युद्धातल्या नफ्यावरच्या कराचा बोजा आला आणि १९२० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्याच वर्षी त्याच मंडळींनी हॉकर यांच्या नावाने नवी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिकांनी चालवलेले हरिकेन याच घराण्यातले. गोव्याच्या दाबोळीहून २०१६ पर्यंत उडणाऱ्या नौदलाच्या सी हॅरियरची वंशवेलही तिथेच पोहोचते.

२५/
म्हणजे किंग्स्टनच्या फरशीवरच्या खडूच्या रेघा आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची विमाने यांच्यात अखंड धागा आहे. तो टिकला कारण प्रत्येक टप्प्यावर काय चुकले हे कोणीतरी लिहून ठेवले: कॅमल नवशिक्यांना का मारते, ट्रायप्लेन दुरुस्त का होत नाही, डॉल्फिनची दंतचक्रे का तुटतात. विमानविद्येची परंपरा म्हणजे मुख्यतः अपयशांची नीट ठेवलेली वही. ज्या परंपरेत अपयशाची एकही नोंद नाही, ती परंपरा उड्डाणाची असू शकत नाही.

२६/
बेलोऱ्याला शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना हे पुस्तकाबाहेरही शिकावे लागेल. उड्डाणापूर्वी तपासणीची यादी ओळीने वाचायची असते. आपले विमान श्रेष्ठ असल्याचा विश्वास त्या यादीत कुठेच नसतो. इंधन, तेल, सुकाणू, वारा असतो. इतिहासाच्या वाचकानेही अशी यादी बाळगावी. आराखडा आहे का? त्या दिवसाची नोंद आहे का? काय बिघडले ते सांगितले आहे का? किंमत कोणी मोजली?

२७/
१८९५ च्या गोष्टीला ही यादी लावली की चारही रकाने रिकामे राहतात. वेलिणकरांच्या गोष्टीला लावली की चारही भरतात: डॉल्फिनचे आराखडे, २७ जूनची नोंद, त्या विमानाचे सर्वज्ञात दोष, आणि हँगारची कबर. तरीही पहिली गोष्ट शाळकरी पोरांना तोंडपाठ असते आणि दुसरी बहुतेकांच्या कानावरही आलेली नसते. दडपण्याचा आरोप करायचाच तर तो इंग्रजांवर करण्याआधी या विसरभोळेपणावर करावा लागेल.

२८/
राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. अमरावतीत किंवा अकोल्यात बसून, मोबाइलवर, दोन मिनिटांत वेलिणकर हे आडनाव तिथे सापडते. जर्मन कारकुनाने चुकवलेले ते आडनाव पुढे कोणीतरी धडपडून दुरुस्त करून घेतले होते. आता ते नीट लिहिलेले आहे. वाचणारे मात्र थोडे आहेत.